वजन आणि गोडी : मोझेल नदीकाठच्या द्राक्ष-बागाईतदारांचा हिशेब

(सभासद शिक्षण : अभ्यास लेख)



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या बोलण्यात दोनच गोष्टी असतात. टनेज किती बसलं आणि उतारा किती पडला. टनेज शेतकऱ्याचं आणि उतारा कारखान्याचा, अशी आपण मनाशी वाटणीच करून टाकली आहे. वास्तविक ही दोन्ही एकाच उसाची मापं आहेत. ज्यांच्या पिकाचं सारं मोल गोडीवर ठरतं, अशा दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्यानं हा प्रश्न कसा हाताळला हे पाहिलं, तर आपल्या प्रश्नाकडे जरा लांबून पाहता येतं. म्हणून या अंकात जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या लहान द्राक्ष-बागाईतदारांची माहिती देत आहोत.

ही मंडळी द्राक्षांची वाईन करतात. वाईन प्यावी की न प्यावी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आपल्यापैकी पुष्कळांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनीही हा लेख शेतीचा म्हणून जरूर वाचावा. यात भलामण दारूची नाही, कष्टाची आणि हिशेबाची आहे.

१. मुलूख कसा आहे?

मोझेल नदी फ्रान्समध्ये उगम पावते, लक्झेंबर्गच्या हद्दीवरून जर्मनीत येते आणि ट्रिअर शहरापासून पुढं नागमोडी वळणं घेत कोब्लेंट्स इथं ऱ्हाईन नदीला मिळते. हा प्रदेश ५० अक्षांशाच्या आसपास आहे. आपली सांगली १७ अक्षांशावर, नाशिक २० वर. एवढ्या उत्तरेला सूर्य कायम तिरपा असतो, हिवाळा कडक असतो, आणि द्राक्ष पिकेल की नाही याची जुन्या काळी खात्री नसे. द्राक्षशेतीच्या अगदी सीमेवरचा हा मुलूख.

मग तिथं बागा टिकल्या कशा? तर डोंगरामुळे. नदीच्या वळणांवर दक्षिणेकडे तोंड करून उभे असलेले कडे आहेत. तिरपं ऊन अशा उतारावर सरळ पडतं. जमीन म्हणाल तर माती थोडी आणि दगड फार. हा दगड म्हणजे आपण शाळेत ज्या पाटीवर अक्षरं गिरवली, त्या पाटीचा काळा-निळा दगड. दिवसा तो तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतो. खालच्या नदीच्या पाण्यावरूनही उजेड वर फेकला जातो. निसर्गानं कमी दिलेलं ऊन असं तीन बाजूंनी गोळा करावं लागतं.

ब्रेम गावाजवळचा कालमोंट नावाचा डोंगर तर काही ठिकाणी ६० अंशांहून अधिक उभा आहे. आपल्याकडे असा कडा दिसला की तिथं गवताचीच अपेक्षा धरतात. तिथं ट्रॅक्टर चालत नाही. वेली एकेका खुंटाला बांधलेल्या, काड्या वाकवून बदामाच्या आकारात वळवलेल्या. छाटणी, बांधणी, तोडणी सगळं हातानं. पावसानं खाली घसरलेला पाटीचा दगड पूर्वी पाठीवरच्या टोपल्यांतून परत वर न्यावा लागे. अलीकडे चढावर एकाच रुळावरची छोटी गाडी बसवतात, ती माणूस आणि माल वर नेते. तरीसुद्धा सपाट बागेच्या कित्येक पट मजुरी या उतारावर लागते. वेलेन गावातल्या एका बागेत कामकऱ्यांना वेळ कळावी म्हणून १८४२ साली डोंगरावर सूर्यघड्याळ बांधलं. ते आजही उभं आहे आणि त्या बागेला नावही त्याचंच पडलं आहे.

२. थंडीचं काम काय?

उसाच्या बाबतीत थंडी म्हणजे लक्ष्मी. डिसेंबर-जानेवारीत गारठा पडला की वाढ थांबते, साखर भरते आणि उतारा चढतो, हे कोणाही सभासदाला सांगायला नको. द्राक्षाचं गणित थोडं वेगळं आहे. मण्यात दोन गोष्टी असतात : साखर आणि आंबटपणा. पीक पिकू लागलं की साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. उष्ण मुलखात ही दोन्ही कामं झपाट्यानं होतात. साखर भरपूर मिळते, पण आंबटपणा निघून जातो आणि वास पुरता तयार होण्याआधीच घड तोडावा लागतो.

थंड मुलखात मणी सावकाश पिकतो. मोझेलला जूनमध्ये फुलोरा येतो आणि तोडणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर, कधी नोव्हेंबरपर्यंत चालते. रात्री गार असल्यानं आंबटपणा टिकतो. तिथली मुख्य जात रीसलिंग. ही उशिरा फुटते, उशिरा पिकते आणि थंडी सोसते. साऱ्या मोझेल खोऱ्यात साधारण ६० टक्के लागण हिचीच आहे. हिच्या वाईनमध्ये मद्यार्क कमी असतो. हलक्या प्रकारात ८-९ टक्क्यांच्या आसपास. पूर्वी तळघरातल्या हजार लिटरच्या पिंपांत रस आंबायला ठेवत. हिवाळा लागला की गारठ्यानं आंबण्याची क्रिया मंदावून थांबे आणि थोडी साखर रसात तशीच राही. गोड आणि आंबट यांचा तो तोल हीच या वाईनची ओळख झाली. सरबतात लिंबू पिळल्याशिवाय साखरेला चव येत नाही, तसंच हे.

आपल्या महाराष्ट्रातही या तत्त्वाचा उपयोग होतो. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, त्यानंतर नाशिक भागात वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली. तिथं ही द्राक्षं जानेवारी ते मार्च या काळात काढतात, ती याचसाठी, की पिकण्याच्या काळात रात्री गार मिळाव्यात.

३. वाटण्या, दारिद्र्य आणि साखर

या खोऱ्यात पूर्वी चर्च आणि मठांच्या मोठ्या बागा होत्या. १७९४ नंतर हा भाग फ्रान्सच्या ताब्यात गेला आणि मठांच्या जमिनींचे लिलाव झाले. सामान्य कुटुंबांना जमीन मिळाली. त्याचबरोबर फ्रेंच कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा आला. पुढं काय झालं असेल ते आपल्याला नव्यानं समजावून देण्याची गरज नाही! दोन-तीन पिढ्यांत एकेका बागेचे पट्टे झाले, पट्ट्यांच्या ओळी झाल्या. आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला, तशी एकत्रीकरणाची मोहीम तिथंही राबवावी लागली.

१८१५ मध्ये हा प्रदेश प्रशियाकडे आला. १८३४ च्या जकात-संघामुळे इतर जर्मन राज्यांतली वाईन मोकळेपणानं बाजारात येऊ लागली आणि मोझेलचा भाव कोसळला. त्यात थंडीची वाईट वर्षं लागोपाठ आली. बागाईतदार कर्जात बुडाले, कित्येक देश सोडून गेले. ट्रिअरमध्येच जन्मलेल्या कार्ल मार्क्स यांनी वयाच्या २४ व्या वर्षी, जानेवारी १८४३ मध्ये, मोझेलच्या बागाईतदारांच्या हलाखीवर एका वर्तमानपत्रात लेख लिहिले. त्याच वर्षी सरकारनं ते वर्तमानपत्र बंद पाडलं.

या हलाखीवर एक उपाय पुढं आला, तो साखरेचा. द्राक्षरसात साखर घालून मद्यार्क वाढवण्याची रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यांनी १८०१ मध्ये पुस्तकातून मांडली होती. ट्रिअरचे लुडविग गाल यांनी १८५० च्या दशकात तिच्यात भर घातली : साखर आणि पाणी दोन्ही घालायचं. साखरेनं मद्यार्क वाढतो, पाण्यानं आंबटपणा पातळ होतो आणि मालही वाढतो. वाईट वर्षात ज्याच्या घरी आंबट पाण्याशिवाय काही नव्हतं, त्याच्या चुलीवर भांडं चढलं ते या युक्तीमुळे. हे नाकारून चालणार नाही.

पण सोय म्हणून आलेली गोष्ट सवय झाली की घात होतो. पाणी घातलेला माल आणि डोंगरावर घाम गाळून पिकवलेला माल गिऱ्हाइकाला एकाच नावानं मिळू लागला. तेव्हा निर्भेळ वाईनवाल्यांनी आपले संघ काढले. १९०८ मध्ये ट्रिअरला आणि १९१० मध्ये साऱ्या देशासाठी. बाहेरून साखर न घातलेलाच माल ते लिलावात उभा करीत.

४. गोडीचं माप

आता आपल्या ओळखीचा भाग. आपल्याकडे रसाची गोडी ब्रिक्समध्ये मोजतात. हे नाव जर्मनीतल्याच आडोल्फ ब्रिक्स यांच्यावरून पडलं. द्राक्षवाल्यांचं माप मात्र फेर्डिनांड एक्सले यांचं. फोर्ट्सहाइम गावच्या या कारागिरानं १८३० च्या दशकात रस मोजण्याची नळी प्रचारात आणली. हिशेब अगदी सोपा आहे. एक लिटर पाण्यापेक्षा एक लिटर रस जितके ग्रॅम जड, तितके अंश एक्सले.

आपल्या पक्व उसाचा रस २० ब्रिक्सचा असेल, तर तो या मापात सुमारे ८३ अंश भरेल. मोझेलच्या रीसलिंगला 'काबिनेट' या पहिल्या प्रतीसाठी किमान सुमारे ७० अंश लागतात, म्हणजे साधारण १७ ब्रिक्स. त्याच्या वर 'श्पेटलेझे' म्हणजे उशिराची तोड, त्याच्या वर 'आउसलेझे' म्हणजे निवडक घड. पुढं ११० अंशांना म्हणजे जवळजवळ २६ ब्रिक्सला निवडक मण्यांची प्रत, आणि १५० अंशांना, म्हणजे ३४ ब्रिक्सला, वेलीवरच सुकलेल्या मण्यांची. या सुकलेल्या मण्यांवर एक बुरशी येते. भुरी-केवड्याच्या नावानं आपला द्राक्षवाला दचकतो. पण ही बुरशी योग्य हवेत आली तर मण्यातलं पाणी उडून जातं आणि साखर दाट होते. माणूस दिवसभर एकेक मणी वेचतो तेव्हा कुठं एखाद्या बाटलीपुरता माल निघतो.

'आइसवाईन' हा प्रकार तर साखर कारखान्याच्या सभासदाला लगेच समजेल. उणे ७ अंश किंवा त्याहून कडक थंडीत, पहाटे, गोठलेली द्राक्षं तोडून तशीच दाबतात. पाणी बर्फ होऊन मागं राहतं आणि घट्ट गोड रस तेवढा बाहेर येतो. आपण रस आटवून पाणी काढतो, ते गोठवून काढतात.

१९७१ च्या जर्मन कायद्यानं या सगळ्या प्रती अंशांवर बांधल्या. काबिनेट आणि त्यावरच्या प्रतींत बाहेरून साखर घालण्याची मनाई आहे. त्याखालच्या साध्या प्रतीत ठराविक मर्यादेत ती घालता येते.

५. सहकार : आपलं आणि त्यांचं नातं

एकट्या लहान बागाईतदाराला तळघर, दाबयंत्र, पिंपं हे सगळं परवडत नसे. व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागे. मोझेलच्या उत्तरेला, ऱ्हाईनलाच मिळणाऱ्या आर नदीच्या खोऱ्यात मायशोस गाव आहे. तिथं १८६८ साली १८ बागाईतदारांनी मिळून सहकारी संस्था काढली. द्राक्षवाल्यांच्या आज चालू असलेल्या सहकारी संस्थांत ती सर्वांत जुनी मानली जाते. त्याच भागात फ्रीडरिश रायफायझेन यांनी १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ इथं शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली होती.

हे नाव आपल्या घरचंच समजा. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात जो अहवाल दिला, त्यात रायफायझेन पद्धतीची शिफारस होती. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आणि त्या वाटेनंच पुढं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. ऱ्हाईनकाठचा द्राक्षवाला आणि प्रवरेकाठचा ऊसवाला हे असे एकाच वंशवेलीवरचे.

पण एक मोठा फरक आहे. तिथल्या सहकारी संस्थांत सभासदाचा माल दारात आला की वजन होतं आणि त्याच वेळी रसाचे अंशही मोजले जातात. दोन्ही त्याच्या खात्यावर मांडतात. ज्याचे अंश जास्त, त्याला किलोमागं दर जास्त. आपल्याकडे काट्यावर प्रत्येकाचं वजन वेगळं होतं, पण गोडी मात्र सगळ्यांची एकत्र. एफआरपीसाठी १०.२५ टक्के हा मूळ उतारा धरला जातो आणि दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. ज्यानं पक्व, वाढं काढलेला, पाचट नसलेला ताजा ऊस गव्हाणीत टाकला आणि ज्यानं कोवळा ऊस घाईनं तोडून घातला, दोघांना टनाला सारखाच पैसा. मग सभासदानं टनेजचीच जात शोधली तर त्याला नावं कशी ठेवायची? २६५ की ८६०३२, हा वाद बांधावर आणि गट ऑफिसात वर्षानुवर्षं चालला आहे, त्याचं मूळ इथं आहे.

६. माप होतं, तरी नाव बुडालं

आता वाटेल, मोझेलवाल्यांनी अंशांवर दर दिला म्हणजे सारं सुरळीत झालं असेल. तसं झालं नाही, आणि या लेखातला खरा धडा तोच आहे.

१९७१ च्या कायद्यानं अंश मोजले. पण माल कोणत्या जमिनीतला आणि कोणत्या जातीचा, याला फारशी किंमत दिली नाही. १८८२ मध्ये तयार झालेली म्युलर-थुर्गाऊ नावाची जात लवकर पिकते, भरपूर लागते आणि सपाट रानातही येते. वासाला, चवीला ती रीसलिंगच्या जवळपास नाही. पण अंश भरले की दोघींनाही तोच शिक्का. लोकांनी नदीकाठच्या सपाट रानात, जिथं पूर्वी द्राक्षं कुणी लावली नसती तिथं, लागणी केल्या.

नावांचाही असाच घोळ झाला. पीसपोर्ट गावचा 'गोल्डट्रॉप्शेन' नावाचा उभा डोंगर शेकडो वर्षं प्रसिद्ध. कायद्यानं आजूबाजूच्या गावांतली मोठी जमीन एकत्र करून तिला 'पीसपोर्टर मिशेल्सबर्ग' असं नाव वापरू दिलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला काय कळणार? त्याला दोन्ही पीसपोर्टच. १९७० आणि ८० च्या दशकांत स्वस्त गोड माल जहाजं भरभरून बाहेर गेला आणि 'मोझेल' म्हणजे स्वस्त गोड पाणी, असं नाव पडलं. त्यातच १९८५ मध्ये शेजारच्या ऑस्ट्रियात वाईनला दाटपणा आणि गोडवा येण्यासाठी विषारी रसायन घातल्याचं उघडकीस आलं. त्याची झळ जर्मन वाईनलाही बसली. ज्यानं कधी पाणीही घातलं नाही, त्या डोंगरावरच्या माणसाचा भाव त्यात पडला.

दुरुस्तीला बराच काळ गेला. २०२१ मध्ये नियम बदलून मोठ्या क्षेत्रांच्या नावांआधी 'विभाग' अशा अर्थाचा शब्द छापण्याचं बंधन आलं, म्हणजे गिऱ्हाइकाला फरक कळावा. आणि चांगल्या कुटुंबांनी कायद्याची वाट न पाहता स्वतःहून एकरी पीक कमी धरलं. घड विरळ करायचे, उरलेले पुरते पिकू द्यायचे.

७. कुटुंबं कशी तगली?

काही कुटुंबांचं भाग्य फळलं. मोझेलला मिळणाऱ्या सार नदीच्या खोऱ्यात शार्त्सहोफ ही बाग आहे. मठाची ही जमीन १७९७ मध्ये आजच्या मालकांच्या पूर्वजांनी विकत घेतली. बाग सुमारे १६ हेक्टरांची, म्हणजे ४० एकर. घराण्यात थोरल्या मुलाचं नाव पिढ्यान् पिढ्या एगोन म्युलर असंच ठेवतात. २०१५ च्या ट्रिअरच्या लिलावात त्यांच्या २००३ सालच्या, सुकलेल्या मण्यांच्या एका बाटलीला कर सोडून १२,००० युरो मिळाले.

पण सगळे काही शार्त्सहोफवाले नाहीत. बाकीची कुटुंबं तगली ती मालाला थेट गिऱ्हाईक शोधून. तिथं कायद्यानं बागाईतदाराला वर्षातून चार महिने, चाळीस बैठकांपर्यंत, खानावळीच्या परवान्याशिवाय स्वतःच्या अंगणात स्वतःची वाईन आणि साधं जेवण विकता येतं. दारावर डहाळीचा गुच्छ टांगला की दुकान उघडं आहे असं समजायचं. आपल्या रसवंतीचीच ही भावंडं म्हणा ना! घराच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांना खोल्या, खाली तळघर, आणि नवरा-बायको, मुलं, म्हातारी माणसं सगळी कामाला.

तरीही चित्र काळजीचंच आहे. १९९० च्या सुमारास मोझेल खोऱ्यात बारा हजार हेक्टरांहून जास्त बागा होत्या. आता साडेआठ हजारांच्या आसपास उरल्या आहेत. आधी ओसाड पडतात ते उभे कडे, कारण तिथं मजुरी जास्त. मुलं शहरात नोकरीला जातात. बाप थकला की त्या पट्ट्यात झुडपं माजतात.

हवामानही पालटलं आहे. पूर्वी अंश भरत नाहीत ही रड होती. आता उन्हाळे तापतात, अंश सहज भरतात आणि हलकेपणा, आंबटपणा टिकवणं अवघड झालं आहे. ज्या थंडीला वाडवडील शिव्या देत, तिचंच आता मोल कळतं आहे. २०१९ च्या पिकात साऱ्या जर्मनीत आइसवाईनला पुरेशी थंडी पडलीच नाही. उलट वेली लवकर फुटतात आणि मग उशिराचं दहिवर त्यांना जाळतं. एप्रिल २०२४ मध्ये सार भागात तसं मोठं नुकसान झालं. जुलै २०२१ च्या महापुरानं आर खोरं उद्ध्वस्त केलं, मायशोस गावही त्यात सापडलं. तेव्हा इतर खोऱ्यांतले बागाईतदार आपली अवजारं घेऊन मदतीला धावले आणि चिखलानं माखलेल्या बाटल्या लोकांनी मदत म्हणून विकत घेतल्या. २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना यातला जिव्हाळा वेगळा सांगायला नको.

८. आपण काय घ्यायचं?

द्राक्ष आणि ऊस यांत फरक आहे. डोंगरावरच्या वाईनला नाव मिळतं, साखरेचं पोतं मात्र कोणाच्या शेतातलं हे कोणी विचारत नाही. म्हणून त्यांची रीत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली : ज्याचं माप होत नाही, त्याचा मोबदला मिळत नाही, आणि ज्याचा मोबदला मिळत नाही, ते पिकवायला कोणी राबत नाही. चांगल्या उसाला चांगला दर हवा असेल, तर गोडीही प्रत्येकाच्या नावावर मांडावी लागेल.

दुसरी : नुसता आकडा पुरत नाही. अंश भरले तरी मोझेलचं नाव बुडालं, कारण आकड्याच्या आडून लोकांनी पळवाट काढली. माप ठरवताना जात, जमीन आणि तोडणीची वेळ यांचाही विचार हवा.

तिसरी : सहकारात एकाची लबाडी सगळ्यांच्या दरातून कापली जाते. तेव्हा नियम पाळायला लावणं हे एकट्या संचालक मंडळाचं काम नाही, ते सभासदाचंही आहे.

गट-बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गटात प्रत्येक सभासदाच्या उसाचा ब्रिक्स तोडणीआधी मोजून त्यानुसार तोडणीचा क्रम लावता येईल काय? त्यात अडचणी कोणत्या?

२) दर ठरवताना वजनाबरोबर गोडी धरली, तर लहान सभासदाचा फायदा होईल की तोटा? तोडणी उशिरा मिळालेल्या सभासदाचं नुकसान कसं टाळावं?

३) टनेज देणारी जात आणि उतारा देणारी जात यांचं आपल्या गटातलं प्रमाण किती असावं, आणि ते कोणी ठरवावं?

या प्रश्नांवर वाचकांनी आपापल्या गावात बसून विचार करावा, आणि काय ठरलं ते वार्षिक सभेच्या आधी गट ऑफिसात लेखी कळवावं.